लावेकोपेच्या पोरींनी बदललेली गोष्ट

माकाफुईला गोगलगायींनी लेखिका केलं, असं कोर्सीदादा भेटेल त्याला सांगतो, आणि ते अगदीच खोटं नाही.

तिचं काम असं. सकाळी गुडघ्यापर्यंतचे बूट चढवून व्होल्टा नदीत उतरायचं, पाणवेलीच्या मुळांमध्ये लांब दांड्याची जाळी फिरवायची आणि हाती लागतील तेवढ्या गोगलगायी गोळा करायच्या. मग प्रत्येकीला वेगळ्या काचेच्या नळीत, दोन बोटं पाण्यात सोडायचं आणि नळ्यांची रांग उन्हात मांडायची. जिच्या अंगात बिलहार्झिया या रोगाचे कृमी असतात, तिच्यातून ते ऊन लागल्यावर पाण्यात उतरतात. भिंगातून पाहिलं तर वळवळणारी धूळच. या सगळ्याला तीन-चार तास जातात, आणि तेवढा वेळ जागचं हलायची सोय नाही, कारण व्होल्टाकाठच्या बकऱ्यांना काचेच्या नळ्यांचं भारी कौतुक. नोकरीच्या पहिल्या वर्षी माकाफुईनं नुसत्या बकऱ्या हाकलल्या. दुसऱ्या वर्षी तिनं लिहायला घेतलं.

वही एकच होती. पुढून गोगलगायी, मागून गोष्ट. पुढच्या बाजूला तारीख, घाट, किती सापडल्या, किती रोगट. मागच्या बाजूला पंधरा वर्षांची एक पोर, जी बापाच्या होडीची मोटर स्वतः दुरुस्त करते. ती जिथं नोकरी करायची त्या संशोधन संस्थेची पिकअप कोर्सीदादा चालवायचा. तिच्याहून सतरा वर्षांनी मोठा, कामापुरता बोलणारा. एकदा आकडे उतरवून घे म्हणून तिनं त्याच्या हाती वही दिली, आणि त्यानं ती उलटीकडून उघडली. तासभर तो वाचत बसला. मग गाडीतूनच त्यानं विचारलं,

"मॅडम, ही पोरगी होडीच्या मोटरमध्ये रॉकेल ओतते?"

माकाफुईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दादा, ते... ते माझं आपलं उगाच..."

"उगाच असू दे. पण रॉकेल ओतलं तर इंजिन बसेल. आणि एवढी हुशार पोर असं करणार नाही."

त्यानंतर प्रत्येक पान तिनं आधी कुणाला दाखवलं असेल तर ते कोर्सीदादाला. पुस्तक झालं, दुसरंही झालं. राजधानी अक्रामधल्या एका लहानशा प्रकाशनानं दोन्ही छापली. फार खपली नाहीत, पण शाळांच्या कपाटांतून गेली, हातोहात फाटली, आणि फाटलेलं पुस्तक म्हणजे वाचलेलं पुस्तक, एवढं तिला कळत होतं.

संस्थेत मात्र हे कौतुकाचं नव्हतं. विभागाचे प्रमुख प्रोफेसर ओकाय म्हणजे सरळ माणूस. पाठीमागे बोलायचे नाहीत, तोंडावरच बोलायचे. "डॉक्टर आग्बोवी, गोगलगायी ताटकळल्यात आणि तुम्ही पऱ्यांच्या गोष्टी लिहिताय?"

"त्यात पऱ्या नाहीत, सर."

"नाहीत? मग तर वेळ आणखीनच वाया."

सगळे हसले, तीही हसली. पण त्या वर्षी बढतीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. पत्रात कारण दिलं होतं: वर्षभरात एकच शोधनिबंध. अन्याय झाला असता तर ती भांडली असती. इथं भांडायला जागाच नव्हती, कारण ते खरं होतं. त्या वेळी तिच्या तिसऱ्या गोष्टीची नऊ प्रकरणं लिहून झाली होती आणि दहाव्यावर गाडी अडली होती. तिनं ती पानं टेबलाच्या खालच्या खणात घातली, खण पायानं लोटला आणि कोर्सीदादाला सांगितलं, "बास झालं. दोन होड्यांवर पाय ठेवणारी बाई शेवटी पाण्यात पडते."

कोर्सीदादा म्हणाला, "तुम्हाला पोहता येतं की." आणि गाडी चालू केली.

ती तिसरी गोष्ट आकोफा नावाच्या मुलीची होती. आकोफाला लघवीतून रक्त जातं आणि ती ते लपवते. नदीकाठच्या गावांत मुलग्याला असं झालं की त्याची चेष्टा होते, पण चेष्टेत कौतुक असतं. पोरगा वयात आला म्हणतात. मुलीला झालं की आधी विचारतात, कुणाबरोबर गेली होतीस? माकाफुईला हे कुणी सांगायची गरज नव्हती. नदीकाठच्या सोगाकोपे गावात, पुलाजवळ, मासे धुरीवर सुकवणाऱ्या बाईची ती मुलगी. अकरा वर्षांची असताना तिलाही हेच झालं होतं. शेजारणी आईला म्हणाल्या, "पोरीवर लक्ष ठेव गं." आईनं भट्टीतली लाकडं ओढून बाहेर काढली, हात धुतले आणि तिला समोर उभं केलं.

"आफी, मला एकदाच सांग."

"आई, मी काही केलं नाही."

"बरं," आई म्हणाली, आणि त्याच दमात शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात, "माझी पोर खोटं बोलत नाही. काहीतरी दुखणं आहे." दुसऱ्या दिवशी होडीत बसवून तिनं पोरीला पलीकडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सनं लघवीची बाटली उजेडात धरली, मान हलवली आणि कडू, ठसठशीत गोळ्या दिल्या. एवढंच. पण त्या 'बरं' या शब्दावर आपलं सगळं शिक्षण उभं आहे, असं माकाफुईला पुढे नेहमी वाटत आलं. आई तिला शुक्रवारी जन्मलेली म्हणून आफी म्हणते. डॉक्टर हा शब्द तिनं कधी उच्चारला नाही. बाजारात विचारलं तर सांगते, "माझी आफी पाण्याचं बघते."

खण लोटून दोन महिने झाले तेव्हा लावेकोपेच्या शाळेत तपासणी निघाली. लावेकोपे म्हणजे नदीच्या वळणावरचं गाव. दोन घाट, दोन्ही घाटांवर पाणवेल, आणि माकाफुईच्या वहीत सगळ्यात रोगट गोगलगायी तिथल्या. आरोग्य पथकातल्या एका तरुण पोरानं भिंतीवर रंगीत चित्रं लावली, नीट समजावून सांगितलं आणि मग विचारलं, "कुणाकुणाला लघवीतून रक्त जातं? हात वर करा."

मुलांच्या बाजूला हशा पिकला आणि वीस-बावीस हात वर गेले. एकानं तर दोन्ही केले. मुलींच्या बाजूला त्रेचाळीस जणी बसल्या होत्या. एकही हात नाही. सगळ्या समोरच्या मुलीच्या मानेकडे बघत होत्या.

तरुणानं लिहिलं: मुली, शून्य. दुसऱ्या दिवशी लघवी तपासायला बाटल्या मिळणार होत्या, पण त्या स्वतःहून मागायला हव्या होत्या.

गाडीत माकाफुई वहीत आकडे उतरवत होती. कोर्सीदादा म्हणाला, "त्या आकोफाचं पुढं काय झालं?"

"कुठल्या आकोफाचं?"

"आता वेड पांघरू नका. खणातल्या."

"काही झालं नाही. तिथंच आहे."

"मग आज शाळेत त्रेचाळीस आकोफा बसल्या होत्या त्या कोण?" त्यानं पुढचं वळण घेतलं. "तुम्ही वाचून दाखवा त्यांना."

"मी मोजायला आलेय दादा, गोष्टी सांगायला नाही. उद्या ओकाय सरांना काय सांगू?"

"सांगा, ड्रायव्हर ऐकेना."

पानं खणात होती, पण आकोफा डोक्यात होती. सकाळी माकाफुईनं मुख्याध्यापकांना मधल्या सुट्टीनंतरचा तास मागितला, फक्त मुलींचा. मास्तर, पथकातले पुरुष, सगळ्यांना लांब पाठवलं. कोर्सीदादानं पिकअप कुंपणाच्या पलीकडे नेऊन उभी केली, फक्त काच खाली ठेवली, हे तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

कडुनिंबाखाली मुली बसल्या. गोष्ट इंग्रजीत लिहिलेली होती. तिनं ती एवेमध्ये सांगितली, आईच्या भाषेत, आणि सांगताना तिला जाणवलं की कागदावर जी वाक्यं अंग चोरून बसली होती ती आता पाय मोकळे करून चालतायत. आकोफा पहाटे उठून फडकं धुते. आकोफा खेळाच्या तासाला पोटात दुखतंय म्हणते. आकोफाला शेवटी राहवत नाही, ती वर्गातल्या बाईंना सगळं सांगते, आणि...

"खोटं," मागून आवाज आला.

"कोण बोललं?"

एक उंच, हडकुळी मुलगी उभी राहिली. नाव यायरा. "रागावू नका मॅडम, पण ही आकोफा ठार येडी आहे. बाईंना कोण सांगेल? बाईंना सांगितलं की हेडसरांना कळतं, हेडसरांना कळलं की रविवारी चर्चमध्ये कळतं."

मुली खुदखुदल्या. कुणीतरी "आणि चर्चमधून घाटावर" अशी भर घातली. माकाफुईला दहावं प्रकरण का अडलं होतं ते त्या क्षणी कळलं.

"मग तू असतीस तर कुणाला सांगितलं असतंस?"

यायरानं विचार केला. "पाणी आणताना पुढे चालणारीला. डोक्यावर भरलेलं घमेलं असलं की तिला मागे वळून बघता येत नाही. मी बोलेन, ती ऐकेल, आणि तोंडं दिसणार नाहीत."

आता कुणी हसलं नाही. बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. माकाफुईनं वही उघडली, उलटीकडून, आणि ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मुलींनी ते लिहिताना पाहिलं. आपण बोललेलं कुणी मोठं माणूस लिहून घेतंय, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं असेल. मग काय, तोंडं सुटलीच. आकोफाची आई असं बोलणार नाही. आकोफा फडकं पहाटे नाही धुणार, पहाटे घाटावर बायका असतात. भर दुपारी धुवेल. आकोफाचा भाऊ इतका चांगला? असा भाऊ कुठं मिळतो, पत्ता द्या!

सगळं ओसरल्यावर यायरानं पुन्हा विचारलं, हळू आवाजात. "ते शेवटच्या थेंबाला मिरची लागल्यासारखं होतं, असं म्हणालात तुम्ही. ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही सांगितलं," माकाफुई म्हणाली.

तिला यापुढे काही बोलावं लागलं नाही. यायरा तिच्याकडे बघत राहिली, मग खाली बसली, आणि शेजारच्या मुलीनं तिचा हात धरला.

लघवी तपासायला सकाळी दहा ते दुपारी दोन ही वेळ चांगली. तेव्हा कृमींची अंडी जास्त पडतात. त्या दुपारी मुलींनी बाटल्या मागितल्या. एकेकटीनं नाही, घोळक्यानं, म्हणजे कुणाची कोणती हे कळायला नको. त्रेचाळीस बाटल्या आल्या. एकतीसमध्ये अंडी सापडली. बाटल्यांवर फक्त नंबर होते, पण यादी माकाफुईकडे होती: यायराची एकतिसांतली.

गोळ्या द्यायच्या तर आधी पोटात अन्न हवं. यायरा म्हणाली, "मावशी मला हल्ली वेगळं वाढते." विचारता विचारता कळलं: ती मावशीकडे राहते, आणि मावशीनं एकदा फडकं पाहिलं. तेव्हापासून झोपायची चटई स्वयंपाकाच्या छपरात, बोलणं बंद. पोट दिसायला लागलं की बापाकडे पाठवीन, एवढं एकच वाक्य मावशी तीन महिन्यांत बोलली होती.

"मी मावशींशी बोलू का?" माकाफुईनं विचारलं. "तू नको म्हणालीस तर नाही बोलणार."

यायरानं बराच वेळ पायानं माती उकरली. "बोला. पण मी बाहेर थांबेन."

कोसिवामावशी अंगणात गारी भाजत होती. भलीमोठी कढई, तीन दगडांची चूल, धूर तिच्या डोळ्यांत आणि ती फुटक्या भोपळ्याच्या तुकड्यानं कसावाच्या कंदाचा कीस उलथतेय. गारी भाजताना हात थांबवला तर ती करपते, म्हणून तिनं मान वर न करताच विचारलं, "पोरीनं काय केलं?"

"काही नाही केलं. तुम्हाला एक दाखवायचंय."

कोर्सीदादानं सूक्ष्मदर्शक आणून उखळावर ठेवला. माकाफुईनं आरसा उन्हाकडे वळवला. मावशीनं एक डोळा मिटला, चुकीचा डोळा लावला, मग बरोबर लावला आणि थांबली. चुलीवर कसावा करपायला लागला तेव्हा कोर्सीदादा गुपचूप खाली बसला आणि उलथायला लागला.

"हे कसलं बी? टोकाला काटा आहे."

"अंडं आहे. किड्याचं. यायराच्या लघवीतून आलंय. त्या काट्यानं आतून टोचतं, म्हणून रक्त येतं."

"बाप्याकडून येतं का?"

"पाण्यातून येतं. घाटावरच्या पाण्यातून."

मावशीनं पुन्हा डोळा लावला. बराच वेळ. "घाटावर मीच पाठवते तिला," ती म्हणाली. मग, "माझ्यातपण असेल?"

"किती वर्षं उतरता नदीत?"

"जन्मल्यापासून."

"मग बघू या की."

मावशी सरळ झाली. धुरानं का कशानं, डोळे पुसले. अंगणाच्या तोंडाशी यायरा उभी होती, कुंपणाची काटकी तोडत. मावशी तिच्याजवळ गेली नाही, माफी मागितली नाही. त्या घरात तशी रीत नसावी. ती एवढंच ओरडली, "उभी काय राहिलीस खांबासारखी? चटई आत घे. आणि ताटं काढ, या लोकांनी सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

आक्प्ले, म्हणजे मक्याच्या पिठाचा वाफाळता गोळा, आणि खेकडा घातलेलं भेंडीचं कालवण. एका मोठ्या भांड्यात यायरा आणि मावशी, दुसऱ्यात पाहुणे. कोर्सीदादानं बोटं चाटत मावशीला सांगितलं, "गारी जरा करपली, पण दोष माझा नाही, अंड्याचा आहे." मावशी हसली. यायरानं जेवण झाल्यावर गोळ्या गिळल्या, तोंड वाकडं केलं, आणि मावशीनं तिला वरून संत्रं सोलून दिलं.

परतताना माकाफुईनं गाडी थांबवायला लावली, आंब्याखाली, रस्त्याच्या कडेला. दिवस कलला होता पण उजेड भरपूर होता. तिनं वही काढली आणि दहावं प्रकरण एका बैठकीत लिहिलं: दोन मुली, दोन घमेली, एक पुढे एक मागे. कोर्सीदादा बॉनेटला टेकून उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना "गाडी ठीक आहे, मॅडम काम करतायत" असं सांगत होता. लिहून झाल्यावर तिला एकदम भरून आलं. कुणाचे आभार मानावेत ते कळेना. देवाचे मानले, मग आईचे, आणि मग शेजारी उभ्या माणसाचे. तो म्हणाला, "माझे कसले? मला पुढचं वाचायचं होतं."

त्या तपासणीवर तिनं शोधनिबंध लिहिला. चित्रांनी शून्य हात, गोष्टीनंतर त्रेचाळीस बाटल्या. आकडे आकडेच होते. भीत भीत तो ओकाय सरांच्या टेबलावर ठेवला. आठवड्यानं त्यांनी बोलावलं. "तिसऱ्या तक्त्यात बेरीज चुकलीय," ते म्हणाले. खरंच चुकली होती. तिनं कागद उचलला, दाराशी पोचली, तेव्हा त्यांनी घसा खाकरला. "ती गोष्ट. ती छापणार आहात का? माझ्या दोन नाती आहेत. बारा आणि चौदा. मोठी हल्ली कुणाशी बोलत नाही."

"दोन प्रती देईन, सर."

"विकत घेईन मी," ते जरा चिडूनच म्हणाले.

बढती त्या वर्षीही झाली नाही, पुढच्या वर्षी झाली. तोवर पुस्तक आलं होतं. प्रकाशकानं कळवलं की आभारासाठी अर्धं पान राखलंय. माकाफुईनं तीन पानं लिहून पाठवली. लावेकोपेच्या त्रेचाळीस मुली, प्रत्येकीला विचारून, नावानिशी. प्रकाशक भला माणूस, पण कागद महाग. फार ओढाताण झाली आणि शेवटी बारीक टायपात एका पानावर सगळ्या बसल्या.

पुस्तकांची पेटी घेऊन ती लावेकोपेला गेली तो शुक्रवार होता. कडुनिंबाखाली मुली, या वेळी मागच्या बाजूला काही आयाही. कोसिवामावशी पुढे बसली होती, वाचता येत नसताना पुस्तक उघडून. माकाफुईला गोष्ट वाचायची होती, पण मुली म्हणाल्या, गोष्ट आम्हाला माहीत आहे, आधी नावं वाचा. तेव्हा ती नावं वाचत गेली. प्रत्येक नावाला एक मुलगी उठायची, लाजायची, कुणीतरी शिट्टी वाजवायची आणि ती धपकन बसायची. एकीचं नाव चुकीचं छापलं होतं. सगळ्यांनी मिळून ते तीनदा बरोबर म्हणून दाखवलं.

यादी संपली तेव्हा एक बारकी मुलगी उभीच होती. "माझं नाही."

"तू त्या दिवशी होतीस?"

"नव्हते. ताप होता. पण गोळ्या मी पण घेतल्या."

माकाफुईनं पेन काढलं, गुडघ्यावर पुस्तक ठेवलं आणि तिचं नाव विचारून यादीच्या खाली शाईनं लिहिलं. मुलगी पुस्तक घेऊन गेली आणि ते बाकीच्यांनी पाहिलं. छापलेल्या नावाचा भाव एका क्षणात उतरला. त्रेचाळीस जणींची रांग लागली. प्रत्येकीला आपलं नाव हातानं लिहिलेलं हवं होतं. तिसाव्या मुलीपाशी माकाफुईची बोटं आखडली, तिनं हात झटकला, हसली आणि पुढच्या मुलीला म्हणाली, "हं, तुझं सांग."